होकाराचे सहा डबे

मास्ट्रिख्ट, ९ जून २०२०

प्रिय मामी,

फोनवर तू दोन मिनिटांच्या वर टिकत नाहीस आणि माझे डोळे दिवसभर व्हिडिओ मीटिंगमध्ये भाजून निघतात, म्हणून सरळ कागद घेतला.

सोबतच्या पाकिटात चारशे चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर एका अमेरिकन माणसाचं एखादं-दुसरं वाक्य आहे. नाव-गाव नाही, फक्त नंबर. यांना फोन करून विचारलं होतं, अध्यक्ष आपलं काम नीट करताहेत असं तुम्हाला वाटतं का? चारशेही जण ‘हो’ म्हणालेले आहेत. मग विचारलं, का? ते ‘का’चं उत्तर चिठ्ठीवर आहे.

माझी पीएचडी यावरच आहे हे तुला माहीत आहे. ‘हो’ म्हणणाऱ्यांचा टक्का म्हणजे अध्यक्षांची पसंती. एरवी तो वर-खाली होतो. युद्ध जिंकलं की वर, महागाई झाली की खाली. या अध्यक्षांचा हलतच नाही. एवढी माणसं मेली, एवढे रोजगार गेले; एप्रिलच्या सुरुवातीला जरासा वर गेला आणि पुन्हा होता तिथे येऊन बसला, चाळीसच्या थोडा वर. आता नोव्हेंबरात निवडणूक आहे. लोक कामाकडे बघून ‘हो’ म्हणत असतील तर तो होकार मतदानापर्यंत गळेल. पक्षाकडे बघून म्हणत असतील तर गळणार नाही. म्हणून होकार कशाचा बनलाय ते मला शोधायचंय.

गट सहा. एक, त्यांचं काम. दोन, पैसा-रोजगार. तीन, पक्ष. चार, माणूस म्हणून आवडतात. पाच, साथीच्या काळातलं वागणं. सहा, सांगता येत नाही. माझे गट लावून झालेत. नियम असा की दुसऱ्या कुणीतरी माझे गट न बघता स्वतंत्रपणे लावायचे, मग दोघांचं किती जुळतं ते मोजायचं. माझ्याकडचे सगळे हाच विषय शिकलेत. त्यांना वाक्य दिसायच्या आधी सिद्धांत दिसतो. मला नुसतं वाचणारं माणूस हवंय. मामा म्हणायचा ना, सरला औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा शेवटपर्यंत वाचते. माझ्या गाइडची, मार्लीसची, परवानगी काढली आहे.

करशील?

तुझी,
चैत्राली

*

न्यूनेन, १७ जून २०२०

चि. चैत्रालीस आशीर्वाद.

पाकीट पोचलं. करते.

मी दहावीपर्यंत शिकलेली, इंग्रजी पेपर वाचून आलेलं, डच त्याहून अर्धं. त्यात तुझ्या विद्यापीठाला चालत असेल तर मला काय.

स्वयंपाकघरातले सहा स्टीलचे डबे रिकामे केले. तूरडाळ, रवा, पोहे सगळं पिशव्यांत भरलं. डब्यांना नंबर चिकटवले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. पाच नंबरचा तुझ्या मामाच्या जागेसमोर आला. दीड वर्षात त्या जागी मी काही ठेवलं नव्हतं. आता डबा आहे, बरं दिसतं.

वाचनालय उघडलंय, पण बसू देत नाहीत. पुस्तक घ्यायचं, निघायचं. बसण्यासाठीच तर जायचे मी. अल्बर्ट हाइनच्या दुकानात सगळ्यांनी ढकलगाडी घ्यायलाच हवी आणि एकमेकांपासून लांब उभं राहायचं. काउंटरवरची मुलगी काचेमागून काहीतरी म्हणते, मी मान हलवते. गुरुवारपासून मी कुणाशी बोललेली नाही. तक्रार नाही, तुला दिवस सांगतेय.

एक विचारते. हे असले फोन कोण उचलतं? मी उचलते. गुरुवारी एक बाई, इंटरनेटची कंपनी बदला म्हणून सांगत होती. मी तिला पंचवीस मिनिटं बोलू दिलं. शेवटी तीच कंटाळली. तुझ्या चारशेंत माझ्यासारख्या किती असतील?

रोज पन्नास करते. जास्त केल्या तर लवकर संपतील.

तुझी,
मामी

*

न्यूनेन, ३ जुलै २०२०

चि. चैत्राली,

चिठ्ठ्या आणि माझी यादी परत पाठवतेय. जमेल तेवढं नीट केलं.

सोप्या होत्या त्या पटापट गेल्या. “माझ्या पेन्शनचे शेअर वर आहेत” म्हणणारा दोनमध्ये. “आम्ही तीन पिढ्या याच पक्षाचे” तीनमध्ये. एकाने म्हटलंय, “माझ्या मेव्हण्याला तो सहन होत नाही, एवढं मला पुरे.” याला कुठे टाकू? मी हसले आणि चारमध्ये टाकला.

पण काही कुठेच बसेनात. ८८ नंबर बघ. “माझे यजमान त्याला मत देणार होते. एप्रिलमध्ये गेले. आता मी वेगळं कसं म्हणू?” यात अध्यक्ष कुठे आहे? ही बाई नवऱ्याबद्दल बोलतेय. २४० नंबर म्हणतो, “ठीक आहे तो. तुम्ही फोन केलात, बरं वाटलं.” अशा एकसष्ट निघाल्या. त्यांच्यासाठी मी सातवा डबा काढला, साखरेचा. त्यावर नाव लिहिलं नाही, सुचलं नाही.

रविवारी येणार होतीस त्याचं काय झालं? गाड्यांमध्ये मास्क लावला की झालं म्हणतात. मी साबुदाणा भिजवून ठेवला होता.

तुझी,
मामी

*

मास्ट्रिख्ट, १२ जुलै २०२०

प्रिय मामी,

साबुदाण्याबद्दल सॉरी. घरमालकीण खोकत होती, म्हणून निघाले नाही. कळवायला हवं होतं.

मामी, सातवा डबा! अगं सातवा डबा नाहीये. गट सहाच. आपलं शंभरात अठ्ठावन्न जुळलं. किमान ऐंशी लागतात. अठ्ठावन्न म्हणजे माझे गटच कच्चे, असं कुणीही म्हणेल.

८८ नंबर तीनमध्ये जाते. नवऱ्याचा पक्ष तो तिचा पक्ष, म्हणजे पक्षनिष्ठा. मी वाईट वाटून घेऊन संशोधन करू शकत नाही ना.

तुला हे सांगणार नव्हते, पण सांगते. माझं कॉन्ट्रॅक्ट ३१ जानेवारीला संपतं. आणखी दोन वर्षं मिळतील अशी एकच जागा आहे आणि आम्ही तिघं आहोत. प्रबंधाचं हे प्रकरण वेळेत आणि पक्कं झालं तर मला मिळेल, असं मार्लीस स्पष्ट म्हणाली. नाही तर पर्मिटचं बघावं लागेल आणि बहुतेक पुण्याला परत. आई तर बॅग भरायलाच सांगते.

चिठ्ठ्या परत पाठवतेय. नियम नीट दोन पानांत लिहिलेत. एवढं एकदा पुन्हा करशील? दबाव नाही.

चैत्राली

*

न्यूनेन, ३० जुलै २०२०

चि. चैत्राली,

पुन्हा केलं. यादी सोबत आहे. नियम वाचल्यावर सोपं गेलं.

उकाडा फार आहे. खिडक्या पुसल्या.

मामी

*

मास्ट्रिख्ट, ८ ऑगस्ट २०२०

मामी!!

शहाण्णव! शंभरात शहाण्णव! मार्लीस म्हणाली, एवढं तर आमच्या घरी नवरा-बायकोचं जुळत नाही. तुला वाइनची बाटली पाठवायची म्हणत होती, मी म्हटलं, मामी पीत नाही, पेढे पाठव. ते काय असतं म्हणे.

होकारांपैकी निम्म्याहून जास्त पक्षाचे निघाले. म्हणजे हा टक्का नोव्हेंबरपर्यंत गळणार नाही आणि आत्ता पसंती जेवढी, साधारण तेवढीच मतं, फार तर दोन-तीन जास्त. पन्नाशीच्या खाली पसंती असलेल्याला दुसरी खेप मिळणं अवघड असतं. मी सप्टेंबरमध्ये हे मांडणार आहे. जागेचं जानेवारीत कळेल, पण आता आशा आहे.

म्हणजे अजून दोन वर्षं रविवारी तुझ्या डोक्याला ताप.

चैतू

*

न्यूनेन, २० सप्टेंबर २०२०

चि. चैत्राली,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर राहिलं. मांडणी चांगली झाली हे वाचून आनंद वाटला.

तब्येत ठीक आहे. गेल्या रविवारी तू आलीस तेव्हा मी गप्प होते असं तू लिहिलंस. काही नाही. तुझ्या मामाची ओव्हरकोटाची पेटी खाली काढायची होती, ती काढावी की नाही यात डोकं होतं. शेवटी वरच ठेवली.

वाचन होत नाहीये. पान उघडते आणि तेच पान राहतं. होईल.

मामी

*

मास्ट्रिख्ट, ९ नोव्हेंबर २०२०

प्रिय मामी,

आठवडाभर सगळे नकाशेच बघत होतो. अध्यक्ष हरले. मोजणी अजून चालू आहे, पण त्यांची मतं शेकडा सत्तेचाळीसच्या आसपास दिसताहेत. पसंतीचा टक्का निवडणुकीआधी पंचेचाळीसच्या आगेमागे होता. म्हणजे माझा अंदाज बसला. मतचाचण्यावाल्यांनी मात्र फरक याहून मोठा सांगितला होता. आता सगळे त्यांच्यावर तुटून पडलेत. लोक खोटं बोलतात का, फोन उचलणारे वेगळे आणि न उचलणारे वेगळे का, यावर भांडणं चाललीत. तुझा जूनमधला प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला. तुझं नाव सांगितलं नाही, श्रेय घेतलं. रागावू नकोस.

पण तू का लिहीत नाहीस? दोन महिन्यांत तुझं एक पत्र, तेही ओव्हरकोटावर. माझं काही चुकलं का?

चैत्राली

*

न्यूनेन, १५ नोव्हेंबर २०२०

चि. चैत्राली,

तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. तीन महिने लिहायचं टाळलं, आज लिहिते.

जुलैत तू चिठ्ठ्या परत पाठवल्यास तेव्हा तळाशी तुझी यादी होती. तुझे लावलेले गट, एक ते चारशे. चुकून आली असणार. दिसल्या दिसल्या पाकिटात घालून तुला पाठवायला हवी होती. मी ती टेबलावर ठेवली, वरून वर्तमानपत्र टाकलं आणि दोन दिवस तिच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी बघितलं.

मग मी चिठ्ठ्या वाचल्याच नाहीत. नंबर बघायचा, तुझ्या यादीतला आकडा बघायचा, तोच माझ्या यादीत उतरवायचा. सोळा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या, म्हणजे खरं वाटेल. तुझे शहाण्णव तिथून आले. मी त्यातली एकही लावलेली नाही.

का केलं ते सांगते. तू लिहिलंस, जुळलं तर राहीन, नाही तर जाईन. मला तू राहायला हवी होतीस. तुझ्या शिक्षणासाठी नाही. महिन्यातून एकदा बेल वाजते आणि दाराशी आपलं माणूस असतं, तेवढ्यासाठी. आम्हाला मूल नाही. इथे पंचवीस वर्षं काढली, ओळखी सगळ्या तुझ्या मामाच्या होत्या. तो गेल्यावर त्या लोकांनी दोन वेळा फुलं आणली. चांगली माणसं आहेत. पण तिसऱ्यांदा कशाला येतील?

८८ नंबर हातात घेतली तेव्हा तुझ्या यादीत तीन होतं. तीनमध्ये टाकली. त्या बाईने नवऱ्याबद्दल सांगितलं होतं आणि मी तिचा पक्ष करून टाकला. तुला ते खरंच तसं वाटलं होतं, तू केलंस त्यात खोट नाही. मला तसं वाटत नव्हतं आणि तरी मी केलं.

लोक विचारणाऱ्याला खोटं सांगतात का यावर तुमची भांडणं चाललीत म्हणतेस. अमेरिकेचं मला माहीत नाही. माझ्यापुरतं सांगते. समोरच्याला काय हवंय ते कळलं आणि तो निघून जाईल अशी भीती असली, की उत्तर आपोआप तिकडे वळतं. तेव्हा खोटं बोलतोय असं वाटतही नाही. घर आवरावं तसं वाटतं.

तू याचं काय करायचं ते कर. तुझ्या मार्लीसबाईंना मी स्वतः लिहायला तयार आहे. माझं डच वाईट आहे, पण एवढं लिहिता येईल.

मामी

*

मास्ट्रिख्ट, १९ डिसेंबर २०२०

मामी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. चार वेळा लिहायला बसले.

मला माहीत होतं.

माझ्या यादीत २१२ नंबरसमोर मी टाइप करताना ९ लिहिलं होतं. नऊ नंबरचा गटच नाही, तिथे ६ हवं होतं. तुझ्या यादीतही २१२ समोर ९ होतं. ऑगस्टमध्ये तुझी यादी कॉम्प्युटरवर चढवताना पहिल्याच दिवशी दिसलं. मी खुर्चीतून उठले, चहा केला, परत आले आणि दोन्हीकडे ६ करून टाकलं. त्यानंतर शहाण्णव काढले. त्यानंतर तुला ते उद्गारचिन्हांचं पत्र लिहिलं. पेढ्यांचा विनोदसुद्धा त्यानंतरचा.

तू गप्प गप्प झालीस तेव्हा मला वाटलं, बरं आहे, दोघींनाही बोलायचं नाहीये. तू एकटी तीन महिने जळत होतीस आणि मी मांडणी करत फिरत होते. तू निदान कागदावर आणलंस.

या मंगळवारी मार्लीसला सगळं सांगितलं. तुझ्या पत्राचा आधार घेतला नाही. माझं ६ आधी सांगितलं, मग यादीचं. मला वाटलं, मीटिंगमध्ये तिची स्क्रीन अडकली. मग म्हणाली, “हे वाईट झालं. सांगितलंस हे चांगलं झालं. आता पहिल्यापासून कर.” डच लोकांचं असंच असतं. रडायलाही जागा देत नाहीत.

दोन विद्यार्थिनी आता चिठ्ठ्या लावताहेत. जागेचा निर्णय महिन्यात होईल. काय होईल ते दिसतंच आहे.

लॉकडाउन पुन्हा लागलाय. नाताळात तिकडे येणार नाही. येऊ शकते, पण येणार नाही. थोडा वेळ दे मला.

चैत्राली

*

न्यूनेन, २८ डिसेंबर २०२०

चि. चैत्राली,

वेळ घे.

मामी

*

मास्ट्रिख्ट, १७ जानेवारी २०२१

प्रिय मामी,

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचं काम पक्कं होतं, तक्रार करायला काही नाही. त्या दोघी मुलींचं एकमेकींशी त्रेसष्ट जुळलं. मार्लीस म्हणाली, यादी चुकली नव्हती, गट चुकले होते. ‘हो’ कशाचा बनलाय हे या चिठ्ठ्यांवरून सांगता येत नाही, असं आता प्रकरणाच्या शेवटी लिहिलंय. प्रबंध पूर्ण होईल, पण कॉन्ट्रॅक्ट नाही.

आता दोन वाटा आहेत. आर्नहेमला एका वीज कंपनीत नोकरी मिळतेय, ग्राहक किती समाधानी आहेत त्याचे आकडे काढायचे. पर्मिटही तेच बघतील. पगार चांगला आहे.

दुसरी वाट पुण्याची. तिथे एक छोटी संस्था आहे, तीन माणसांची, एक खोली आणि एक जीप. उल्का नावाची बाई चालवते. ती म्हणते, आपल्याकडे सगळे सर्व्हे इंग्रजीत लिहून मराठीत उतरवतात आणि लोक समोरच्याकडे बघून ‘चांगलं आहे’ म्हणतात. तिला गावात बसून लोकांना त्यांच्या भाषेत सरपंचाबद्दल, दवाखान्याबद्दल बोलू द्यायचंय आणि गट नंतर पाडायचेत, आधी नाही. तिला मी आपल्या एकसष्ट चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, तो साखरेचा डबा कुणी काढला? तिथपासून संशोधन सुरू होतं. जुन्नरकडे पहिली वीस गावं ठरलीत. एका गावात तर सर्व्हेवाल्यांना राहायला कुणी जागाच देत नाही, उल्का देवळाच्या ओवरीत झोपली होती. पैसे जेमतेम. आई खूश होईल, पण तिच्यासाठी नाही म्हणत मी हे.

एक फेब्रुवारीपर्यंत कळवायचंय. मी ठरवू शकत नाहीये. मामी, राहू की जाऊ? या वेळी खरं सांग. मला काय हवंय ते बघू नकोस, तुला काय वाटतं ते लिही.

तुझी,
चैतू

*

न्यूनेन, २२ जानेवारी २०२१

प्रिय चैतू,

तू राहावंस असं मला वाटतं. हे खरं उत्तर, म्हणून आधी लिहिलं. आर्नहेम इथून दीड तास आहे, पुणं नाही. तू गेलीस तर या देशात मला नावाने हाक मारणारं कुणी राहणार नाही. शेजारची रिया ‘मेव्राउ’ म्हणते, म्हणजे बाई. दुकानात काहीच म्हणत नाहीत.

पण तू मला मत विचारलंस आणि मी वाचणारी आहे. तुझं पत्र तीनदा वाचलं. आर्नहेमबद्दल तू तीन वाक्यं लिहिलीस. तिसरं पगाराचं. पुण्याबद्दल लिहिताना तुला थांबता येत नव्हतं. जीप आली, जुन्नर आलं, देवळाची ओवरी आली. ज्या बाईला तू अजून भेटलेली नाहीस तिचं नाव आलं. तिथे झोपायला जागा नाही हेसुद्धा तू आनंदाने लिहिलंयस. हे पत्र कुणीही, माझ्यासारखं दहावी झालेलं माणूसही, एकाच डब्यात टाकेल. तुला जायचं आहे. माझ्यामुळे तुला ते स्वतःशी म्हणता येत नाही.

माझं मत खरं आहे, पण ते तुझ्या निर्णयात मोजू नकोस. मागे एकदा मी ते मोजायला लावलं, त्यातून काय झालं ते दोघींना माहीत आहे.

मीही यायचं का तिकडे, असं तू विचारशील. तुझी आई मंजूषा दरवर्षी विचारते. नाही. घर इथे आहे. तुझ्या मामाची राख इथल्या नदीत सोडली. मला सवय आहे आणि सवय मोडायला लागणारं बळ आता नाही. रडगाणं नाही हे, साधं सांगतेय.

मार्चमध्ये इथली निवडणूक आहे. सरकारने राजीनामा दिला तरी पंतप्रधान लोकांना पसंत आहेत म्हणे. मला मत आहे. पेपर वाचायला घेतलाय, दिवसाला एक पक्ष. पान आता उलटतंय.

तिकीट काढलंस की तारीख कळव. तोवर किती रविवार मिळतात ते बघू. उद्यापासून रात्री नऊनंतर बाहेर पडायला बंदी आहे, तेव्हा सकाळच्या गाडीने ये आणि उजेडात परत जा. या आठवड्यापासून घरी दिवसाला एकच पाहुणा चालतो. रिया म्हणत होती, मुलं तीन, बोलवायचं कुणाला? माझं तसं नाही. माझी ती एक जागा रोज रिकामी असते. आधी कळवायची गरज नाही.

तुझी,
मामी